शेऱ्याच्या रकान्यात 'झाले' लिहिण्याआधी

एसटीत असाल, लोकलमध्ये असाल, एका कानात इअरफोन घालून भांडी घासत असाल, काही हरकत नाही. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून ठेवलाय. बोलताना जिथे अडखळले, 'म्हणजे, अं...' केलं, ते काढून टाकलंय. बाकी बोलले तसंच आहे.

एक छोटी गोष्ट आधीच सांगते. आज बीजगणित येणार आहे. पुस्तकात 'एक्स' असतो, पण लिहिताना मी 'क्ष' वापरलाय, माझ्या आईच्या शाळेच्या पुस्तकात असायचा तसा. फोनवर सारखा कीबोर्ड बदलत बसायचा कंटाळा, हे खरं कारण.

तर विषय. बी.एड. करणाऱ्या बऱ्याच जणांचा प्रश्न असतो, की टाचण रोज लिहायचंच असतं का, आणि लिहून नक्की होतं काय? शिकवण्या घेणारी मुलंमुलीही हेच विचारतात, फक्त 'लेसन प्लॅन' म्हणतात. ज्यांचा शाळेशी संबंध दहावीनंतर संपला त्यांच्यासाठी: टाचण म्हणजे उद्याच्या तासाला काय शिकवणार याची नोंद. एका वहीत रकाने आखलेले असतात. दिनांक, इयत्ता, तासिका, घटक, उपघटक, उद्दिष्ट, शैक्षणिक साहित्य, मूल्यमापन, गृहपाठ. आणि अगदी उजवीकडे एक अरुंद रकाना, 'शेरा'. त्या रकान्यात महाराष्ट्रातले हजारो शिक्षक वर्षानुवर्षं एकच शब्द लिहीत आलेत. 'झाले.' मीही त्यातलीच. आज जे सांगणार आहे ते त्या रकान्याबद्दल आहे.

दहावी ब, मंगळवार, तिसरा तास. घटक: वर्गसमीकरणे. उपघटक: पूर्ण वर्ग पद्धती. टाचण मी आदल्या वर्षीच्या वहीवरून उतरवलेलं. (हसू नका, सगळे उतरवतात.) फळ्यावर तीन गणितं सोडवली. अक्षर सुंदर, पायऱ्या स्वच्छ, उत्तरं चौकटीत. मागे वळून विचारलं, "कळलं का?" अठ्ठावन्न मुलांनी एका सुरात सांगितलं, "होऽऽ मॅडम." घंटा झाली. शेरा: झाले.

बुधवारी वह्या तपासायला घेतल्या. शेवटून दुसऱ्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीची वही. गणित सोडवत ती व्यवस्थित आली होती आणि मध्येच तिनं लिहिलं होतं:

(क्ष + ५)² = क्ष² + २५

मी लाल पेनानं काट मारली. बाजूला लिहिलं, 'सूत्र पाठ करा.' पुढच्या वहीत तेच. त्याच्या पुढच्या वहीत नव्हतं, पण चौथ्या वहीत पुन्हा तेच. दहावीत! जे सूत्र सातवीत पहिल्यांदा भेटतं आणि आठवीत पुन्हा येतं, ते.

मधल्या सुट्टीत ती मुलगी वही घ्यायला आली. लाल शेरा वाचला आणि म्हणाली, "मॅडम, पाठ आहे. म्हणून दाखवू?" आणि एका दमात म्हणून दाखवलं. ए प्लस बी कंसाचा वर्ग बरोबर ए स्क्वेअर प्लस टू एबी प्लस बी स्क्वेअर. एक अक्षर चुकलं नाही. मी म्हटलं, "मग इथे असं का लिहिलंस?"

तिनं वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "ते सूत्र आहे ना मॅडम. हे गणित आहे."

मंडळी, या एका वाक्यानं माझी दोन रात्रींची झोप उडवली. तिला सूत्र येत होतं. गणित करायची इच्छाही होती. फक्त ते सूत्र या गणितात वापरायची गोष्ट आहे, हे तिला कोणी दाखवलंच नव्हतं. आणि त्या न दाखवणाऱ्यांत आता माझं नाव होतं, कारण मी 'सूत्र पाठ करा' लिहून मोकळी झाले होते. पुढच्या मार्चमध्ये तिची बोर्डाची परीक्षा. भाग १ चे ४० गुण, भाग २ चे ४०, अंतर्गत २०. घरी मोठ्या भावानं दहावीत गणितात अडकून शाळा सोडलेली. हे मला नंतर कळलं.

ही चूक मुलं का करतात?

आळशीपणानं नाही. उलट बऱ्यापैकी शहाणपणानं करतात. आपणच त्यांना सहावी-सातवीपासून शिकवतो की २(अ + ब) म्हणजे २अ + २ब. कंसाबाहेरचा दोन आतल्या दोघांना मिळतो. मग कंसाच्या डोक्यावरचा छोटा दोनसुद्धा दोघांना मिळेल, असं पोराला वाटलं तर त्यात काय चुकलं? त्यानं एक नियम बघितला आणि तो पुढे ताणला. डोकं चालवलं म्हणूनच चुकलं. अशा चुकीवर 'पाठ करा' हे औषध चालतच नाही, कारण आजार पाठांतराचा नाहीये.

आणि इथे टाचणाचा मुद्दा येतो. माझ्या टाचणात मी काय करणार ते सगळं होतं. मुलं काय करतील याची एक ओळसुद्धा नव्हती.

बी.एड.ला आपल्याला हर्बार्टची पंचपदी शिकवतात. (गंमत म्हणजे खुद्द हर्बार्टच्या पायऱ्या चारच होत्या, पाच त्याच्या अनुयायांनी केल्या.) पंचपदी वाईट नाही, नवशिक्याला आधार देते. पण तिच्यात वाक्यं असतात ती 'शिक्षक प्रस्तावना करतील', 'शिक्षक स्पष्ट करतील', 'शिक्षक प्रश्न विचारतील' अशी. विद्यार्थ्यांच्या रकान्यात काय लिहितो आपण? 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतील.' 'विद्यार्थी उत्तरे देतील.' कुठली उत्तरं देतील? बरोबर की चूक? चूक असेल तर कुठली चूक?

त्या रात्री मी शाळेची अधिकृत टाचणवही बाजूला ठेवली आणि एका पाठकोऱ्या कागदावर नव्यानं लिहायला बसले. सगळ्यात वर लिहिलं: '(क्ष + ५)² ला मुलं काय काय म्हणतील?' खाली उत्तरं. क्ष² + २५. क्ष² + १० (वर्ग म्हणजे दुप्पट समजणारी मुलं असतात, कमी नसतात). २क्ष + १०. क्ष² + ५क्ष + २५ (एकच पट्टी आठवली, दुसरी राहिली). आणि बरोबर उत्तर, क्ष² + १०क्ष + २५. मग प्रत्येकासमोर: हे उत्तर आलं तर मी काय विचारणार? 'चूक' असं म्हणायचं नाही, विचारायचं.

इंग्रजीत मार्गारेट स्मिथ आणि मेरी के स्टाइन यांचं गणिताच्या वर्गचर्चेवर एक पुस्तक आहे, २०११ सालचं. त्यात त्या पाच सवयी सांगतात आणि त्यातली पहिलीच ही आहे: मुलं काय काय करतील याचा तासाआधी अंदाज बांधणं. त्याच अंदाजावर पुढच्या चारही उभ्या आहेत. वर्गात फिरताना काय बघायचं, कोणाला फळ्याशी बोलवायचं, कोणाला आधी आणि कोणाला नंतर, आणि शेवटी सगळं कसं जोडायचं. अंदाजच बांधला नसेल तर वर्गात फिरणं म्हणजे नुसता व्यायाम.

आकडे निवडणं हे चिल्लर काम नाही

गुरुवारी दहावी अ. तयारी जोरात. (अ + ब)² हे अ² + ब² नसतं, हे आकडे घालून दाखवायचं ठरवलं. मी सहज ३ आणि ४ घेतले. फळ्यावर लिहिलं: (३ + ४)² = ४९. आणि ९ + १६ = २५. "बघा, सारखे आहेत का?"

मुलं गप्प. मग खिडकीजवळचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, २५ बरोबर आहे की. तीन-चार-पाच. पायथागोरस."

झालं! अर्धा वर्ग "हो, हो, पायथागोरस" करायला लागला. ३² + ४² = ५², मग (३ + ४)² म्हणजे ५² का नाही, असं एकीनं विचारलं. काटकोन त्रिकोण फळ्यावर आला, कर्ण आला, मी घामाघूम झाले. पस्तीस मिनिटांतली पंधरा मिनिटं त्यात गेली. आणि दोष मुलांचा नव्हता बरं का. सातवीच्या पुस्तकात पायथागोरस आणि वर्गविस्तार लागोपाठच्या धड्यांत शिकलेली मुलं ती. जगातल्या सगळ्या संख्या सोडून मी नेमक्या त्याच दोन उचलल्या, ज्यांच्या वर्गांची बेरीज पुन्हा सुबक पूर्ण वर्ग येते आणि वर त्या मुलांच्या ओळखीच्या.

शिक्षकांच्या खोलीत बसून मी त्या दिवशी शेऱ्यात लिहिलं: '३, ४ नकोत. पायथागोरस मध्ये येतो. १० आणि ३ घ्या.' माझ्या आयुष्यातला तो पहिला खरा शेरा.

१० आणि ३ का? कारण १३ चा वर्ग १६९ हे मुलांना पाठ असतं, तिथे वाद नाही. १० चा वर्ग १००, ३ चा ९, बेरीज १०९. १६९ मधून १०९ गेले, उरले ६०. आता तुम्ही मुलांना जे विचारता ते आपोआप तयार होतं: "साठ कुठे गेले?"

शुक्रवारी दहावी ब मध्ये मी हा एकच प्रश्न घेऊन गेले. प्रत्येक बाकावर आलेख कागदाचा एक तुकडा, १३ बाय १३ चौकोनांचा. "यातून १० बाय १० चा चौरस कापा. आता ३ बाय ३ चा कापा, समोरच्या कोपऱ्यातून. हातात काय उरलं?" उरल्या दोन पट्ट्या. प्रत्येकी १० बाय ३. तीस आणि तीस. साठ.

मी काहीच बोलले नाही. म्हणजे ठरवून बोलले नाही. यामागेही एक गोष्ट आहे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी सत्तरच्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं ऐकून मोजलं, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती थांबतात. साधारण एक सेकंद! मग स्वतःच बोलायला लागतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबलं, तर मुलांची उत्तरं लांब होतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद म्हणजे काही फार नाही असं वाटतं ना? वर्गासमोर उभं राहून थांबून बघा. तीन सेकंदांत आपल्याला वाटतं की मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले. मी मनात 'एक हजार एक, एक हजार दोन' मोजते.

त्या शांततेत शेवटून दुसऱ्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, टू एबी म्हणजे या पट्ट्या का?"

हो गं बाई. या पट्ट्या.

आता खरा धडा

इथून पूर्ण वर्ग पद्धत किती जवळ आहे बघा. नवव्या शतकात बगदादमध्ये अल ख्वारिझ्मी नावाचा गणिती होता. 'अल्जिब्रा' हा शब्द त्याच्या पुस्तकाच्या नावातून आला आणि 'अल्गोरिदम' त्याच्या स्वतःच्या नावातून. त्यानं एक समीकरण घेतलंय: क्ष² + १०क्ष = ३९. आणि ते तो चित्र काढून सोडवतो.

क्ष बाजूचा एक चौरस काढा. १०क्ष म्हणजे १० रुंदीची आणि क्ष लांबीची पट्टी. ती मधोमध उभी चिरा. आता दोन पट्ट्या झाल्या, प्रत्येकी ५ रुंद. एक चौरसाच्या उजवीकडे चिकटवा, एक खाली. काय दिसतं? जवळजवळ पूर्ण झालेला मोठा चौरस, फक्त एक कोपरा रिकामा. तो कोपरा ५ बाय ५ चा. म्हणजे २५ टाकले की चौरस पूर्ण. एका बाजूला टाकले तर दुसऱ्याही बाजूला टाकायला हवेत, म्हणून ३९ + २५ = ६४. मोठ्या चौरसाची बाजू ८. ती क्ष + ५ आहे. मग क्ष = ३. ताळा करा: ९ + ३० = ३९.

पुस्तकात लिहिलेलं असतं, 'क्षच्या सहगुणकाच्या निमपटीचा वर्ग दोन्ही बाजूंस मिळवा.' मी ते वाक्य कितीतरी वर्षं फळ्यावर लिहिलं. निमपट का? कारण पट्टी दोन बाजूंना वाटायची आहे. वर्ग का? कारण कोपरा चौकोनी आहे. या दोन 'का'ंची उत्तरं चित्रात बसलेली आहेत. माझ्या जुन्या टाचणात ती नव्हती, म्हणून मुलांच्या वहीतही नव्हती.

चित्राची मर्यादाही मुलांना सांगायला लागते. (क्ष + ५)² = ६४ मधून क्ष + ५ = -८ पण निघतं, म्हणजे क्ष = -१३. तेही बरोबर आहे, १६९ - १३० = ३९. पण -१३ लांबीचा चौरस कागदावर काढता येत नाही. अल ख्वारिझ्मी ऋण उत्तर घेतच नसे. आपल्या बोर्डात मात्र दोन्ही मुळं लिहावी लागतात, नाहीतर गुण जातात. हे मी टाचणात मोठ्या अक्षरात लिहिलं: 'चित्र झाल्यावर अधिक-उणेची आठवण. चित्र हे दाखवत नाही.'

तास संपताना मी या वेळी "कळलं का?" विचारलं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर नेहमी 'हो'च असतं. सगळ्यांना एकेक पाठकोरा कागद दिला आणि फळ्यावर लिहिलं: '(क्ष + ५)² आणि क्ष² + २५. क्ष = २ ठेवा. दोन्ही सारखे येतात का? अशी एखादी क्षची किंमत आहे का, की जिथे सारखे येतील?' पहिल्या भागाला ४९ आणि २९ येतात, फरक २०. दुसऱ्या भागासाठी त्या दोन पट्ट्यांचा, म्हणजे १०क्ष चा, विचार करायला लागतो. त्या शून्य झाल्या तरच दोन्ही सारखे, म्हणजे क्ष = ० असताना. सूत्र पाठ असून चालत नाही इथे, आणि सूत्र पाठ नसलं तरी अडत नाही. कागद दारात उभी राहून गोळा केले. नावं लिहा म्हटलं, गुण देणार नाही हेही सांगितलं.

आमचे एक ज्येष्ठ सर आहेत, निवृत्तीला आलेत. ते म्हणाले, "मॅडम, बोर्डात यावर एखादंच गणित येतं. तुम्ही तीन तास घालवलेत." खोटं नव्हतं ते. अभ्यासक्रमात मी मागे पडले होते, मधे बीएलओच्या कामाचे दोन दिवस गेले होते. माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "सर, पुढच्या तासाला मागे येऊन बसाल का? माझ्याकडे बघू नका, मुलांकडे बघा."

ही कल्पना माझी नाही. जपानमध्ये शिक्षक गट करून एकच तास आखतात, एकजण तो शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून मुलं काय करतात ते टिपतात आणि नंतर बसून बोलतात. त्याला ते 'जुग्यो केनक्यू' म्हणतात. स्टिगलर आणि हीबर्ट यांच्या १९९९ च्या पुस्तकानंतर बाहेरच्या जगात त्याचा बराच बोलबाला झाला. तिथे फळ्याचंही नियोजन करतात, 'बान्शो' म्हणतात त्याला. तासाच्या सुरुवातीला लिहिलेला प्रश्न शेवटपर्यंत फळ्यावर राहतो, मुलांची वेगवेगळी उत्तरंही राहतात, म्हणजे घंटा होताना अख्खा तास फळ्यावर वाचता येतो. आपल्याकडे डस्टर हे शिक्षकाचं सहावं बोट. चुकलेलं तर आपण आधी पुसतो. मी आता फळ्याचे तीन भाग करते आणि डावा भाग पुसत नाही. तास संपला की फोनवर फळ्याचा एक फोटो. फक्त फळ्याचा हं. मुलांचे चेहरे, नावं, वह्या ग्रुपवर टाकत बसू नका.

सर येऊन बसले. तासानंतर म्हणाले, "तुम्ही पहिल्या दोन बाकांशीच बोलता. आणि ती मागची पोरगी आहे ना, ती शेजारणीला पट्ट्या समजावून सांगत होती. तुमच्यापेक्षा बरं सांगत होती." चहा मीच पाजला त्यांना.

आता तुम्ही म्हणाल, रोज सहा-सात तास घेणाऱ्या माणसानं हे सगळं कधी करायचं? रोज करायचंच नाही. मी आठवड्याला एकच तास असा आखते. बाकीचे तास जुन्या वहीवरून चालतात आणि त्याची मला लाज वाटत नाही. तो एक तास कुठला, हे ठरवायची पद्धत सोपी आहे: ज्या घटकाला आपण 'हे तर येतंच त्यांना' म्हणतो, तो घ्या.

नंतरची नोंद मात्र रोज जमते, कारण ती वहीत लिहायची नाही, फोनमध्ये बोलायची. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाताना जिन्यात चाळीस सेकंदांची व्हॉइस नोट. शुक्रवारी संध्याकाळी ऐकून त्यातलं कामाचं वहीत उतरवते. सुरुवातीच्या माझ्या नोंदी अशा असायच्या: 'तास छान झाला.' 'आज मुलं फार दंगा करत होती.' याचा पुढच्या वर्षी काय उपयोग? कोण, काय, कुठल्या प्रश्नावर, हे आलं तर उपयोग. आता त्यातल्या काही वाचून दाखवते:

'कात्र्या सहाच होत्या. कापण्यात आठ मिनिटं गेली. पुढच्या वेळी घडी घालून फाडायचं.'

'क्ष = ० हे उत्तर अकरा जणांनीच लिहिलं. प्रश्न दोन भागांत विचारायला हवा होता.'

'माझं "बरोब्बर!" फार लवकर येतं. पहिलं बरोबर उत्तर आलं की बाकीचे विचार करायचे थांबतात.'

ही शेवटची नोंद ऐकताना मला स्वतःचा रागच आला होता, पण ती खरी आहे.

जॉर्ज पोल्या नावाच्या हंगेरीच्या गणितज्ञानं १९४५ साली गणित कसं सोडवावं यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात चार टप्पे आहेत. गणित समजून घ्या, बेत आखा, बेत पार पाडा, आणि मागे वळून बघा. आपण मुलांना हा चौथा टप्पा सांगतो, 'ताळा करा' म्हणतो. स्वतःच्या तासाचा ताळा कोण करतं?

त्या मुलीचं काय झालं, हे विचारणार तुम्ही. पुढच्या घटक चाचणीत तिनं पूर्ण वर्गाचं गणित सोडवलं. समासात पेन्सिलीनं एक बारीक चौरस काढला होता, दोन पट्ट्या आणि रिकामा कोपरा. (क्ष + ४)² बरोबर उलगडलं. आणि शेवटी एकच मूळ लिहिलं, ऋण मूळ विसरली. एक गुण गेला. मी काट मारली नाही, कोपऱ्याच्या चित्राशेजारी फक्त '±?' लिहिलं.

वही घ्यायला आली तेव्हा तिनंच विचारलं, "मॅडम, क्ष² च्या आधी २ असला तर चौरस कसा काढायचा? दोन चौरस होतात ना?"

पुस्तकाप्रमाणे उत्तर आहे: सगळ्याला २ नं भागा. पण २क्ष² + ५क्ष = ३ घ्या. २ नं भागलं की क्षचा सहगुणक ५/२, त्याची निमपट ५/४, वर्ग २५/१६, आणि अपूर्णांक बघून निम्मा वर्ग पेन खाली ठेवतो. मला वर्गात पटकन काही सुचलं नाही. "उद्या सांगते" म्हटलं. घरी आल्यावर श्रीधराचार्यांची रीत आठवली. ते भागत नाहीत, गुणतात. क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीनं, म्हणजे इथे ८ नं. १६क्ष² + ४०क्ष = २४. आता १६क्ष² हा ४क्ष बाजूचा एकच चौरस झाला. ४०क्ष च्या दोन पट्ट्या, प्रत्येकी ४क्ष लांब आणि ५ रुंद. कोपरा पुन्हा २५. (४क्ष + ५)² = ४९. अपूर्णांक थेट शेवटच्या पायरीला येतो: क्ष = १/२ किंवा -३.

दोन चौरसांचा एक चौरस. तिनं विचारलं होतं नेमकं तेच.

मंगळवारी तिसऱ्या तासाला हे घ्यायचंय. या वेळी आलेख कागद घडी घालून फाडायचा आहे, आणि मुलं काय काय म्हणतील या यादीत आतापर्यंत चारच उत्तरं सुचलीत. तुमच्यापैकी कोणी दहावीत असाल किंवा दहावीला शिकवत असाल, तर पाचवं सुचवा. व्हॉइस नोट पाठवलीत तरी चालेल. भेटू पुढच्या भागात.